सहा तास आणि एक विहीर

सुट्टीच्या दिवसांत मुंबईहून गोव्याला थेट विमानाचं तिकीट मिळेना, म्हणून मुलाने मोबाईलवर कसंबसं जुळवून दिलं. सकाळी मुंबई ते सोलापूर आणि दुपारी साडेतीनला सोलापूर ते गोवा. मधले सहा तास काय करायचं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एप्रिल होता. उतरले तेव्हा सव्वानऊ झाले असतील, पण ऊन भर बाराचं वाटत होतं.

सोलापूरचा विमानतळ लहान आहे. बरोबरचे प्रवासी दहा मिनिटांत आपापल्या गाड्यांत बसून निघून गेले आणि मी बॅग घेऊन फाटकाशी एकटी उरले. दारावरच्या जवानाने सांगितलं, "मॅडम, आता दोननंतर या."

बाहेर एकच रिक्षा होती. रिक्षावाला चाळिशीचा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला.

"कुटं जायचं मावशी?"

"कुठेच नाही. साडेतीनचं विमान आहे."

"मग तंवर हितं काय करनार?" त्याने जरा विचार केला. "असं करा. मला गावाकडं जायचंच हाय. पोरगी पवायला गेलीया, तिला आनायचं. अक्कलकोट रोडला, ईस-पंचवीस मिन्टं लागतील. च्या प्या, सावलीला बसा, टायमात आनून सोडतो."

"पोहायला? इथे?"

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सोलापूर म्हणजे कमी पावसाचा जिल्हा, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. गोव्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो, आणि त्या समुद्रात मी इतक्या वर्षांत घोट्याच्या वर पाणी येऊ दिलेलं नाही. मला पाण्याची भीती वाटते. का, ते सांगता येत नाही. आणि इथे, या तापलेल्या रस्त्यावर, रिक्षावाल्याची मुलगी पोहायला गेली होती. मी बसले रिक्षात.

गाव हमरस्त्यावरच पसरलेलं होतं. टायरची दुकानं, खताचं दुकान, रसाचं गुऱ्हाळ, मराठी आणि कानडी अशा दोन्ही अक्षरांतली एक पाटी. गुऱ्हाळाशेजारून रिक्षा डावीकडे वळली, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानांमधून धुरळा उडवत गेली आणि एका कडुलिंबाखाली थांबली. पोरींचा कालवा ऐकू येत होता, पण पोरी कुठे दिसत नव्हत्या. आवाज जमिनीतून येत होता.

मी पुढे झाले आणि पाय आपोआप थांबले. विहीर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कठडा आणि रहाट येतो. हे तसलं काही नव्हतं. घडीव दगडांनी बांधलेली, आमच्या शाळेचं अख्खं सभागृह आत मावेल एवढी ती मोठी होती. एका बाजूने दगडी पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या, आणि तळाशी काळंहिरवं पाणी. त्या पाण्यात आठ-दहा मुली, पाठीला गोडेतेलाचे रिकामे कॅन बांधून, हातपाय मारत होत्या.

समोरच्या काठावर एक बाई उभी होती. केस पांढरे, अंगाने काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. खालून एक मुलगी ओरडली, "आत्या, कळशी बुडाली!"

ती बाई दोन पावलं मागे गेली, पुढे धावली आणि तिने खाली उडी टाकली.

मी किंचाळले. निदान तोंड तरी उघडलं असणार, कारण रिक्षावाला म्हणाला, "काय न्हाय मावशी, बघा तुमी." पाणी मिटलं होतं. मुली काठाला सरकून पाण्याकडे बघत होत्या. मी मनात आकडे मोजत होते आणि तीसच्या पुढे माझी मोजणी चुकली. मग पाण्यावर आधी पितळेची कळशी आली आणि मागून ते पांढरं डोकं. तिने तोंडावरून हात फिरवला, कळशी पायरीवर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "कुनाची गं ही?"

कितीतरी थोर म्हणवणारी माणसं मी पाहिली, त्यांच्या हस्ते बक्षिसंही घेतली. त्यांच्यातल्या कोणासाठी माझे हात असे जोडले गेले नव्हते.

गावच्या मुली तिला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. ती अंगणवाडीत मदतनीस होती, आता निवृत्त झाली आहे. मार्च ते मे रोज सकाळी ती मुलींना पोहायला शिकवते. कुठल्याही घरची असो, फक्त मुलगी असली पाहिजे. विहीर एका शेतकऱ्याची आहे आणि त्याच्या दोन नाती त्याच घोळक्यात होत्या. हे सारं तिने पायरीवर बसून, लुगड्याचा पदर पिळत सांगितलं. मी तिच्या दोन पायऱ्या वर बसले होते. त्याहून खाली उतरायची माझी छाती नव्हती.

"तुम्ही लहानपणीच शिकलात का?" मी विचारलं.

"छ्या! तवा आमच्या लोकास्नी हिरीला हात लावू देत न्हवते. माजी आय तितं वर घागर घिऊन उभी ऱ्हायाची. कुनीतरी वतंल म्हनून. दोन-दोन तास." तिने काठाकडे बोट दाखवलं. बोलण्यात कडवटपणा नव्हता, वाट दाखवावी तसं तिने ते दाखवलं. "मी चाळिशीत शिकले."

"का?"

तिने पाण्यातल्या मुली नजरेने मोजल्या. मग म्हणाली, "आमच्या गल्लीतली एक पोरगी धुनं धुताना पडली. ह्या न्हाय, दुसऱ्या हिरीत. नऊ वर्साची हुती. गडीमानसं सगळी रानात. आमी पाच बाया काठावर. लुगड्याला लुगडं बांदून सोडलं खाली, पन तिला काय धरता ईना. पाचातल्या एकीलाबी पवता येत न्हवतं." तिने पदर पुन्हा पिळला, त्यात आता पाणी नव्हतं. "दुसऱ्या दिशी नवऱ्याला म्हनलं, मला शिकवा. त्यानं कमरंला दोर बांदला आन वर धरून बसला. म्हैनाभर. लोकं हसायची. हसू दे म्हनलं."



तेवढ्यात ती उठली. आता रिक्षावाल्याच्या मुलीचा नंबर होता. दहा-अकरा वर्षांची, बारीक हातापायांची मुलगी. आज तिचा कॅन सुटायचा होता. आत्याने गाठ सोडली, कॅन पायरीवर ठेवला, स्वतः पाण्यातल्या पायऱ्यांवर उतरली, आणि ती मुलगी पाण्यापासून चौथ्या पायरीवर अंग आखडून उभी राहिली. शेजारची एक मैत्रीण तिला कानडीत सांगत होती, "अंजब्याड, अंजब्याड." भिऊ नको. आत्यानेही तेच म्हटलं, आधी कानडीत आणि मग मराठीत.

रिक्षावाला माझ्या शेजारी येऊन उभा होता. "मला येत न्हाय पवाय," तो हळूच म्हणाला, "पन तिला सांगू नका." खांद्यावरच्या रुमालाचं टोक त्याने दातांत धरलं होतं.

मुलीने उडी टाकली आणि ती खाली गेली. आत्या हलली नाही. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून नुसती बघत होती, हात तयार, नजर पाण्यात. रिक्षावाला एक पायरी उतरला, तशी तिने मागे न बघता पंजा वर केला. थांब. तो थांबला. मग फसकन पाणी फुटलं, मुलगी वर आली, खोकली, हात मारले, पुन्हा मारले, आणि वेडीवाकडी का होईना पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचली. तिथल्या दगडाला मिठी मारून तिने आधी बापाकडे बघितलं. सगळ्या मुली ओरडायला लागल्या. रिक्षावाल्याने रुमाल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

"तुमी येता का?" आत्या मला म्हणाली.

"मी? माझं वय काय, आणि साडेतीनला विमान आहे."

"आजून अकराच वाजल्यात की. आन वय काय, आपुन दोगी एकाच वयाच्या आसू."

बॅगेत दुसरा ड्रेस होता, एवढं मला आठवतं. हो कधी म्हटलं ते आठवत नाही. एकेक पायरी बसत बसत उतरले. पाणी गार होतं, बाहेरच्या त्या उन्हात विश्वास बसणार नाही इतकं. कमरेपर्यंत आल्यावर मी आत्याचा दंड असा पकडला की तिला लागलं असणार. माझ्या पाठीखाली तिने एक हात घातला, कामाने घट्ट झालेला तळवा मला कपड्यांतूनही जाणवला. "मान सोडा," म्हणाली. "मानंला काय ओजं न्हाय, उगंच धरून बसलाय."

मी मान सोडली. कानांत पाणी शिरलं आणि मुलींचा गोंगाट एकदम बंद झाला. वर दगडांच्या चौकटीत पांढरंनिळं आकाश होतं, कडेने कडुलिंबाची एक फांदी, आणि दगडांच्या फटींतून आत-बाहेर करणारे पारवे. चाळीस फूट दगड कोणीतरी हाताने घडवून रचले होते, त्याच्याही खाली जमिनीतून पाणी आलं होतं, आणि त्यावर मी आडवी पडले होते. मी रडत होते की ते विहिरीचंच पाणी होतं, कळत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. आत्या म्हणाली, "हात मगाशीच काढलाय मी."

ते ऐकलं आणि मी बुडाले. तिने दंडाला धरून वर घेतलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

रिक्षावाल्याच्या घरी कपडे बदलले. त्याच्या बायकोने भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं आणि मी नको नको म्हणत असताना दुसरी भाकरी ताटात टाकली. निघताना आत्या निरोपाला आली, तेव्हा मी तिला विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का? "लिवा की," ती म्हणाली, "पन नाव नको आन गावबी नको. लोकं मोबाईल घिऊन येत्यात, पोरी मग पान्यात उतरत न्हाईत." म्हणून गाव इतकंच सांगितलं आहे.

अडीचला मी विमानतळावर होते. तपासणीच्या पडद्यामागे जी पोलीस मुलगी होती, तिने माझ्या खांद्यांवर पसरलेले ओले केस बघितले, मग पिशवीतले ओले कपडे बघितले.

"हे काय आज्जी?"

"विहिरीत गेले होते."

"तुमी? पवायला?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण मी म्हटलं, "नाही गं. अजून नुसतीच तरंगले."