शेवळं आली, काकडं नाहीत

शेवळं खायची तर सोबत काकडं हवीतच. काकडाची ती हिरवी आंबट फळं ठेचून घातली नाहीत, तर शेवळाची भाजी घशाला अशी खाजते की विचारू नका. आमच्या उधवा गावाकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त आमच्या धाकट्या भाऊजींना.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागच्या टेकडीवर पावसाच्या तोंडाशी शेवळांचे कोंब टोपल्या भरून मिळायचे, कोवळ्या कणसासारखे गुंडाळलेले. पुढे टेकडीची एक बाजू रस्त्याच्या भरावासाठी पोखरली, मुरूम गेला आणि त्याबरोबर आतले कंदही गेले. दुसऱ्या बाजूला कलमी आंब्यांची बाग झाली. तिथे तणनाशक मारतात, आणि बागवाल्यांच्या लेखी शेवळं म्हणजे तणच! आता उरलीत ती आमच्या बांधालगतच्या पट्ट्यात. आणि काकडाचं झाड सगळ्या पाड्यात एकच, आमच्या अंगणाच्या कडेला.

भाऊजी चारोटीला हॉटेलात कामाला. त्यांनी पक्कं घर बांधायला काढलं आणि जोत्याची दोरी नेमकी त्या काकडावरून गेली.

"तोडू या," म्हणाले. जसं काही दाढीच करायची आहे!

माझं डोकंच फिरलं. "आणि काकडं काय तुमच्या हॉटेलातून आणायची?"

"वहिनी, चिंच आहे ना. आंबट ते आंबट. उद्या भाजी मीच करतो, बघा तुम्ही."

"करा की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

केली त्यांनी. कांदा, मसाला, वर चिंचेचा कोळ. वास झकास सुटला होता, खोटं कशाला बोलू. पण नवी भाजी आधी देवापुढे ठेवल्याशिवाय आमच्यात कुणी तोंडात घालत नाही. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि नैवेद्याचं पानच मागे घेतलं.

"देवाला कशाला खाजवायची? ज्याने केली त्याने आधी खावी."

भाऊजी ऐटीत बसले. दोन घास गेले. तिसऱ्याला हात थांबला, डोळ्यांत पाणी. तरी गडी म्हणतो कसा, "तिखट झालीय जरा." मग गूळ खाल्ला, मग ताक प्यायले, मग परत गूळ. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. दुधाची तहान ताकावर भागवता येते हो, पण शेवळाची खाज चिंचेवर नाही भागत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच खुंट्या उपटल्या आणि दोरी अलीकडे घेतली. घराचा एक कोपरा त्यामुळे तिरका आलाय. कोणी विचारलं तर भाऊजी सांगतात, मुद्दाम केलाय, हवा खेळते. मला ते तिरकं घर फार आवडतं.

यंदा मात्र गंमत झाली, रडू यावं अशी. ऐन चैत्रात अवकाळी पाऊस कोसळला आणि शेवळं फसली. पाऊसकाळ आला समजून तरारून वर आली. काकडाची फळं अजून ज्वारीच्या दाण्याएवढी! मी रोज झाडाखाली जाऊन वर बघायची. भाऊजींशी भांडता आलं होतं. पावसाशी कुठे जाऊन भांडू? वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

खुडायला कुणी गेलंच नाही. कोंब उमलले, त्यांचा तो सडका वास घरभर आला. भाऊजी नाक दाबून म्हणाले, "असू दे वहिनी, बी तरी पडेल." आणि शेळ्या शिरू नयेत म्हणून त्या पट्ट्याला काटेरी फांद्यांचं कुंपण करून आले. झाड तोडायला निघालेला माणूस हा!

काकडं पुढे त्यांच्या वेळेला धरली. सासूबाईंनी त्यातली मूठभर देवापुढे ठेवली आणि हात जोडले. "यंदा अर्धीच भाजी आलीय. राहिलेली अर्धी पुढच्या वर्षी देईन."

बाकीची मी मिठात मुरवून बरणीत भरलीत. टिकतील की नाही, देव जाणे. पण शेवळांनो, आता तुम्हाला यायचं तेव्हा या.