जपूनकाकूंचे भोपळ्याचे गोळे

माझ्या वहिनीला आमच्या गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. कोणी जिना उतरायला लागलं की ही दारातून ओरडणार, "जपून!" कोणी सायकलवर टांग टाकली, "जपून!" दूधवाला बिचारा वर्षानुवर्षं त्याच पायऱ्या चढतोय, पण त्यालाही, "जपून हो!" पोरांनी तिचं नाव पाडलं जपूनकाकू, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

ती कशाला भीत नाही ते विचारा, लवकर संपेल. लिफ्टला भिते, कुत्र्यांना भिते, माझ्या स्कूटरला भिते. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, हौसेने ओव्हन आणला होता. वहिनी म्हणाली, "आत आग आणि बाहेर काच, हे काही मला पटत नाही." त्या ओव्हनमध्ये आता रिकामे डबे राहतात.

म्हणूनच तिचा खाऊ बिनओव्हनचा. दादाला, बस चालवून चालवून असेल किंवा खाऊन खाऊन असेल, साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि आमचा एवढा मोठा दादा लहान पोरासारखा रुसून बसला. तेव्हा वहिनीने लाल भोपळा वाफवला, फडक्यात बांधून त्यातलं पाणी निथळून काढलं, ओट्सचं पीठ, बदाम वाटून, खजूर अगदी नावापुरता आणि चिमूटभर दालचिनी घालून मळला. पातेलं फ्रिजमध्ये ठेवून गोळा घट्ट केला आणि मग छोटे छोटे गोळे वळले. दादाने डबा डेपोत नेला. तिथून बोलबाला झाला. ज्यांना साखर चालत नाही ते आले, ज्यांना गहू सोसत नाही त्या वाचनालयाच्या बाई आल्या. मी वरच्या खोलीत राहते. नवरा नाही, मूल नाही, तोंड तेवढं आहे. भांडी घासायला आणि बडबडायला मी रोज खाली.

मग आले टेलरमास्तर. त्यांचं दुकान आमच्याच इमारतीत तळाला. बायको लवकर गेली, घरात ते आणि त्यांची मुलगी. पुढचे दोन दात मोठे आणि एका जागी ठरायचं नाव नाही, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. पण दैवाची थट्टा बघा, या खारूताईला दाणे, बदाम, काजू, अक्रोड, काही म्हणजे काही चालत नाही. लहान असताना कोणीतरी कौतुकाने तिच्या हातावर काजूचा तुकडा ठेवला होता. ओठ सुजले, आवाज गेला, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात पोचली म्हणून वाचली. तेव्हापासून असं काही झालं तर टोचायचं इंजेक्शनचं पेन तिच्या गळ्यात, बापाने शिवलेल्या लाल पिशवीत.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "पोरीने कधी बाहेरचा खाऊ खाल्ला नाही. तुमच्या हातचा विश्वासाचा."

वहिनी हो म्हणून बसली आणि मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, "झेपत नाही तर नाही म्हण." तर म्हणे, "नाही कसं म्हणू हो ताई? आई नाही त्या पोरीला."

तिने नियम केला. खारूचं पातेलं निळं, चमचा निळा, फडकं निळं. आणि खारूचं आधी, सगळ्यांच्या आधी. तिचं मिश्रण झाकून फ्रिजमध्ये गेलं की मगच बदामाचा डबा फडताळातून बाहेर. बदामाच्या जागी सूर्यफुलाच्या बिया. दर शनिवारी ती डबा द्यायची आणि म्हणायची, "जपून खा हं बाळा." खारू सोमवारी डबा धुऊन परत आणायची. "छान होते, काकू." एवढं ऐकलं की वहिनीचा जीव भांड्यात पडायचा.

असं वर्षभर चाललं. मग खारूचा वाढदिवस आला. दर वर्षी ती वर्गात पेन्सिली वाटायची. यंदा मास्तर म्हणाले, "सगळ्या वर्गाला गोळे देऊ. पोरगी एकदा तरी सगळ्यांबरोबर एकाच डब्यातलं खाईल."

वर्गापुरतं मिश्रण निळ्या पातेल्यात मावेना. वहिनीने मोठं स्टीलचं पातेलं घेतलं, उकळत्या पाण्याने तीनतीनदा धुतलं, आणि ओळखायला त्याच्या गळ्याला निळं फडकं बांधलं. ते फ्रिजमध्ये गेलं. मग दादाच्या डेपोचं, बदामाचं मिश्रण. तेही स्टीलच्याच पातेल्यात, तेही फ्रिजमध्ये. सकाळी तिने गोळे वळले, मास्तर येऊन डबा आणि पोरगी दोन्ही शाळेत पोचवून आले. मी खाली उतरले तेव्हा वहिनी चक्क गाणं गुणगुणत होती.

मी भांडी घासायला घेतली. ती म्हणाली, "ताई, आज मी अगदी पक्की खात्री करून घेतली हो. मधेच मनात आलं, फडकं भलत्याच पातेल्याला तर नाही ना बांधलं? म्हणून दोन्ही चाखून बघितली. आधी बदामाचं चाखलं, चव जिभेवर बसवली. मग खारूचं. ते खालीवर हलवून घेतलं आणि मग चाखलं. बदाम नव्हताच त्यात. फडकं बरोबर होतं."

"बरं केलंस," मी म्हटलं. माझ्या हातात एक चमचा होता. त्याला नारिंगी मिश्रण वाळून चिकटलं होतं. मोरीत दुसरा चमचा नव्हता. निळा चमचा खुंटीवर, कोरडा ठणठणीत.

"वहिनी, दोन्ही कशाने चाखलंस?"

ती माझ्या हाताकडे बघायला लागली. मग तिचा चेहरा पांढरा पडला. ओट्याला धरून ती खाली बसली आणि म्हणाली, "मी मारलं तिला."

"गप्प बस!" मी ओरडले. चमच्याला चिकटलेलं बदामाचं मिश्रण हिने स्वतःच्या हाताने त्या पातेल्यात फिरवलं होतं. ते कोणत्या गोळ्यात गेलं, देव जाणे. चूक होऊ नये म्हणून केलेली चूक! अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही.

मास्तरांना फोन लावत जिना उतरलो. दुकानाला कुलूप, मास्तर अस्तर आणायला बाजारात, आणि फोन कुलपाच्या आत वाजतोय. शाळेचा फोन कोणी उचलेना. दादा बसवर. मी स्कूटर काढली. जन्मात कधी तिच्यावर न बसलेली वहिनी मागे बसली आणि माझं पोट असं आवळून धरलं की मला श्वास घेता येईना. चौकात मी ब्रेक दाबला तर मागून किंचाळली, "थांबू नका! ताई, जोरात!"

मला अजून त्या रस्त्याची भीती वाटते. मधली सुट्टी झाली असेल का, डबा उघडला असेल का, एवढंच डोक्यात. एक रुग्णवाहिका समोरून शाळेच्या दिशेने वळली तेव्हा वहिनी माझ्या पाठीवर डोकं आपटायला लागली. ती रुग्णवाहिका पुढे सरळ निघून गेली. कोणासाठी होती कोण जाणे, पण मी मनातल्या मनात म्हटलं, आपल्यासाठी नाही ना, मग जाऊ दे. माणूस घाबरला की असा स्वार्थी होतो.

फाटकावर रखवालदार आडवा आला. "आता पालकांना भेटता येत नाही."

"अरे बाबा, पोरगी जाईल रे!" मी त्याच्याशी भांडत होते तेवढ्यात वहिनी त्याच्या हाताखालून आत पळाली. आयुष्यभर "पळू नका, पडाल" म्हणणारी बाई मैदानात चपला टाकून पळत होती.

वर्गात शिरलो तर डबा रिकामा. सगळ्या पोरांची तोंडं नारिंगी. खारू खिडकीजवळच्या बाकावर, आणि तिच्याही ओठाला नारिंगी लागलेलं.

वहिनीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती खाल्लास? तोंड उघड. श्वास घे. घे ना गं श्वास!" वर्गशिक्षिका बाई घाबरून धावल्या. मी एका दमात सांगितलं. त्यांनी लगेच खारूच्या गळ्यातली पिशवी उघडली. खारूने ओठ घट्ट मिटले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"घसा दाटतोय का गं?" बाईंनी विचारलं.

तिने नाही अशी मान हलवली. वहिनीला जवळ ओढलं आणि पुटपुटली, "मी नाही खाल्ला."

"अगं, ओठाला लागलंय!"

"नुसता लावला. सगळे बघत होते ना." आणि तिने खिशातून रुमालात गुंडाळलेला अख्खा गोळा काढला.

बाईंनी नळाखाली धरून तिचं तोंड धुतलं. पुसून बघतो तर खालच्या ओठाच्या कडेला लाल गांधी उठलेल्या. नुसत्या लागण्याने! गेला असता तो गोळा पोटात तर?

डॉक्टरांचा दवाखाना शाळेला लागूनच. त्यांनी औषध दिलं आणि म्हणाले, दुपारपर्यंत इथंच बसवा, श्वास बदलला तर हाक मारा. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो, मधे खारू. दर मिनिटाला वहिनी तिच्या ओठाकडे बघायची. निरोप मिळाला तसे मास्तर धावत आले, गळ्यात टेप तसाच. वहिनीने त्यांना सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खारूचा हात धरून बसले.

"पण खाल्ला का नाहीस?" शेवटी त्यांनीच विचारलं. "तुला आवडतात ना?"

खारू पाय हलवायला लागली. "मी कधीच नाही खाल्ले, बाबा. शनिवारचे पण नाही. मी शाळेच्या मागच्या कट्ट्यावर ठेवते. पक्षी खातात."

"अगं, मग दर सोमवारी 'छान होते' म्हणायचीस ते?" मी विचारलं.

"काकूंना वाईट वाटलं असतं."

वहिनी तिच्याकडे वळली. "का गं? माझ्यावर भरवसा नव्हता?"

"तुम्हीच डबा देताना म्हणायच्या ना, जपून खा." खारू खाली बघत म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हालाच नक्की माहीत नाहीये."

वहिनीने ओठ चावला आणि मान फिरवली. हिची भीती पोरीच्या पोटात उतरली होती, आणि त्या भीतीनेच पोरगी वाचली होती. आता भीतीला शिव्या द्यायच्या की पाया पडायचं?

दुपारी गांधी उतरल्या. निघताना मास्तर एवढंच म्हणाले, "वहिनी, आता राहू द्या."

वहिनीने करायचंच सोडलं. खारूचंच नव्हे, सगळ्यांचंच. डेपोतून विचारणा आली, वाचनालयाच्या बाई दोनदा येऊन गेल्या, ही दार अर्धं उघडून "नाही" म्हणायची. रात्रीची दचकून उठते, असं दादा सांगायचा. मी समजावलं, चिडले, अबोलाही धरून बघितला. उपयोग शून्य.

एका रविवारी खारू बापाला हाताला धरून घेऊन आली. दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, मला शिकवा. मीच करणार. काय काय घालतात ते मला बघायचंय."

वहिनी मागे सरकली. "नको गं बाळा. माझे हात आता कापतात."

"मग तुम्ही लांब बसा. नुसतं सांगा."

मास्तर म्हणाले, "दोन रात्री झोपू देत नाहीये, वहिनी. डॉक्टरांना विचारून आलोय. सांगा तिला."

मग मी उठले आणि बदामाचा डबा घराबाहेर काढला, तो कायमचाच. घर खारूसमोर धुतलं. नवं पातेलं, नवा चमचा, नवं फडकं. खारूने स्वतः साबण लावून हात धुतले, वास घेऊन बघितले, पुन्हा धुतले. प्रत्येक पुडी फोडायच्या आधी वरचं एकेक अक्षर वाचलं. भोपळा निथळेपर्यंत त्या फडक्यावरची नजर तिने हलवली नाही. वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर बसून सांगत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते.

खारूने एक गोळा वळला, वेडावाकडा. टेबलावर इंजेक्शनचं पेन उघडून ठेवलं होतं. दादा खाली स्कूटरपाशी, किल्ली लावून उभा. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

खारूने गोळ्याचा अगदी एवढासा तुकडा तोडला, जिभेवर ठेवला आणि आमच्याकडे बघत बसली. आम्ही तिच्या ओठाकडे. कोणी हललं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढा वेळ थांबून तिने उरलेला गोळा तोंडात टाकला, हळूहळू चावला आणि गिळला.

"अय्या," ती म्हणाली, "हे गोड असतात होय?"

वहिनी खुर्चीतच ढसाढसा रडायला लागली. "हो गं माझ्या राजा," म्हणाली, "गोडच असतात."