भिंतीपलीकडची केळी

गठ्ठ्यातला वरचा पतंग उचलला तर कागद हाताला गार लागला. कमान, म्हणजे पतंगाची आडवी वाकवलेली काडी, एका बाजूने ढिली पडलेली. दुसरा तसाच. तिसराही. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी हे दोनशे पतंग दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एका शाळेत पोचवायचे होते, आणि गोडाउनमध्ये भिंतीला लावून ते मीच रचले होते.

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि मामाच्या ओळखीने जळगावात पतंगाच्या दुकानात लागलो. इथली हवा इतकी कोरडी, की काही दमट होईल हे मनातच आलं नाही.

आमचे जुने कारागीर आबा. त्यांनी भिंतीला तळहात लावला. "बठ्ठा पतंग वल्ला शेतस रे भो! भितना पल्याड काय शे?"

पलीकडे केळी पिकवायचं चेंबर होतं. केळी सुकू नयेत म्हणून आत हवा ओली ठेवतात. तीच ओल भिंतीतून आली होती.

शेठ आले. "उन्हात टाक. तासात कडक होतील."

"उन्हात काडी वाकडीच वाळते, शेठ."

"मग तसेच दे. पोरांना काय कळतंय?"

मी एक पतंग त्यांच्यापुढे धरला. "वाकडा पतंग एका बाजूला ओढतो. शाळेच्या मैदानाच्या कडेने विजेच्या तारा आहेत. अडकला की पोरं काढायला जाणार."

शेठनी माझ्या हातातला पतंग घेतला आणि कमान दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली. मला परतीची गाडी दिसायला लागली.

"ओलीतला माणूस तू," ते शेवटी म्हणाले. "आता तूच काढ ती ओल."

आमच्याकडे पावसाळ्यात भिजलेल्या वह्या आई घरातच दोरीवर वाळत घालायची. तेच केलं. माळ्यावर दोऱ्या बांधल्या, पतंग सुटे टांगले, पंखा हळू ठेवला. "दुकान शे का धोबीघाट?" आबा म्हणाले, आणि स्वतःच टांगायला लागले.

संध्याकाळी एकेक पतंग उभ्या काडीच्या दोन टोकांवर तोलून पाहिला. ज्या बाजूला कलेल ती जड. मग दुसऱ्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवायची. एकशे वीस जमले. बाकीच्यांच्या कमानी गेल्या त्या गेल्याच.

शेठनी शाळेत फोन लावला. "मॅडम, ऐंशी कमी आहेत. चूक आमची."

"असू दे. दोघांत एक देते."

सकाळी मीच घेऊन गेलो. एकाने साध्या सुती दोऱ्यावर पतंग उडवायचा, दुसऱ्याने दोऱ्याची आसारी, म्हणजे फिरकी, धरून तारांकडे लक्ष ठेवायचं. तारांवर एकही गेला नाही. दोन मुलींचा एक तेवढा निंबावर अडकला. "राहू दे त्याला," असं म्हणून त्या दोघी माझ्याकडे दुसरा मागायला आल्या.

पुढच्या वर्षी शाळेने शंभरच मागवले. दोघांत एक बरा पडतो म्हणे. "खरं बोलून निम्मी ऑर्डर घालवली," शेठ कुरकुरले, आणि गोडाउनची किल्ली माझ्या हातात दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

अजूनही माल रचायच्या आधी मी भिंतीला हात लावतो. कोरड्या गावातसुद्धा शेजारी कोण आहे ते विचारून घ्यावं.