धाकटीच्या रायफलीचा नवा ट्रिगर

जावेच्या एअर रायफलीला नवा ट्रिगर बसला आणि माझं रविवारचं जेवण गोड लागेनासं झालं. लपवायचं कशाला, माझा जळफळाट होत होता.

रविवारी सकाळी उंब्रजहून आम्ही दोघी जावा कराडच्या रेंजवर छर्रे मारायला जातो. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, आठवड्याचा तेवढाच विरंगुळा. बरोबर आबा, म्हणजे आमचे सासरे असतात. ते फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले. मागं खुर्ची टाकून बसतात, तोंड क्वचित उघडतात. पूर्वी कधीतरी म्हणायचे, "थोरलीचा हात दगडागत हाय." तेवढं एक वाक्य ऐकलं की मी पुढचा आठवडाभर घरचा रामरगाडा हसत ओढायचे.

मग धाकटी आली. माणदेशातली, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. गाल कुठं टेकवायचा, श्वास कधी रोखायचा, सगळं तिला मीच शिकवलं. रायफलीही आमच्या एकाच बनावटीच्या. पण माझे धाकटे दीर फौजेतून सुट्टीवर येताना तिच्यासाठी हलका ट्रिगर आणि बारीक भोकाची साईट घेऊन आले. तेव्हापासून तिचे छर्रे एकमेकांना खेटून बसू लागले आणि आबांची खुर्ची तिच्या बाजूला सरकली.

"तूबी घे की तसला ट्रिगर," नवरा मोबाईलवर फोटो दाखवत म्हणायचा. मी आज-उद्या करत राहिले. घेतला तर तिची नक्कल केल्यासारखं होणार. आणि न घेण्यात एक सोयही होती. तिचा नेम बसला की "ट्रिगरची करामत" म्हणून मला नाक मुरडता यायचं.

आमच्या घरात खंडेनवमीला कोयत्या-खुरप्यांबरोबर रायफलीही पूजेला लागतात. दसऱ्याला त्या उचलायच्या, आणि वर्षभरात जे नवं आलं असेल त्याला पहिला हात थोरल्या सुनेचा. ट्रॅक्टर आला तेव्हा चालवता येत नसताना किल्ली मीच फिरवली होती आणि तो गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकला होता. तरी मान तो मानच, मी तो कुणाला सोडत नाही.

यंदा दसऱ्याला नवराही रेंजवर आला होता. आबा म्हणाले, "थोरले, धाकटीच्या रायफलीला नवं सामान बसलंय. पयला मान तुजा."

धाकटीनं लगेच रायफल माझ्या हातात दिली. "तवर मी तुमची घिऊ का, आक्का?"

नाही कसं म्हणणार?

ट्रिगर इतका हलका की बोट लावलं न लावलं तोच पहिला छर्रा निशाणाच्या कागदाबाहेर गेला. मग हात बसला. खरं सांगते, ट्रिगर लोण्यासारखा होता, साईटमधून सगळं लख्ख दिसत होतं. आणि माझे छर्रे नेहमीसारखेच चहूकडं पसरले. शेजारी धाकटी माझ्या त्या ताठ ट्रिगरवर, ज्याला मी महिनोन्‌महिने शिव्या घालत होते त्याच्यावर, छर्‍यावर छर्रा बसवत होती. आबा खुर्चीतून उठले, तिच्या निशाणापाशी गेले आणि त्या एकाच भोकावरून बोट फिरवत उभे राहिले.

"आवं आबा, आक्काची रायफल लय बेस हाय," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, म्हणून तर मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

परतताना मोटरसायकलवर नवऱ्यानं विचारलं, "मग, ट्रिगर ऱ्हाऊ दे न्हवं आता?"

"मागवा," मी म्हणाले.

"आगं, बघितलंस की डोळ्यानं. ट्रिगरचा काय संबंध हाय?"

बघितलं होतं. पण ज्या रायफलीनं तिनं मला हरवलं ती माझीच होती, आणि ती तशीच पुन्हा गालाला लावणं मला जमणार नव्हतं.