हाजी महरूसचा दुसरा घास

वदीअ बिशाय हे नाव कैरोत फारसं कुणाला माहीत नाही. पण ‘पाणपोईची गल्ली’ मालिकेतले हाजी महरूस म्हटलं की टॅक्सीवाला गाडी बाजूला घेऊन बोलत बसतो. अम्म वदीअ, म्हणजे आमचे वदीअकाका, शहरातल्याच शुब्रा भागातल्या पोस्टात तिकिटं विकायचे आणि रजा टाकून आमच्याबरोबर काम करायचे. स्वतः ख्रिस्ती, रविवारचं चर्च कधी चुकवलं नाही, आणि भूमिका मिळाली हाजीची. मग काय, चर्चमध्येसुद्धा बायका म्हणायच्या, “हाजी, जरा सरका की.” ते मुकाट्याने सरकायचे.

मालिकेत हाजींचा मुलगा इराकला गेलेला असतो आणि त्याचं पत्र येत नाही. पोस्टाच्या खिडकीशी म्हाताऱ्या खरोखरच चौकशी करायच्या, “आलं का हो मुलाचं पत्र?” अम्म वदीअना तीन मुली, मुलगा नाहीच. पण ते कधी कुणाला तोडून बोलले नाहीत. “अजून नाही, आई. उद्या येईल बहुतेक,” म्हणायचे आणि तिकीट स्वतः चिकटवून द्यायचे. इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि नटमंडळीत मी बत्तीस वर्षं काढली आहेत.

गेल्या ऑक्टोबरात वाहिनीवाल्यांनी आम्हा जुन्या मंडळींना गप्पांसाठी बोलावलं. दिग्दर्शक उस्ताज फिक्री काठी टेकत आले, पण आवाज तसाच खणखणीत. मी म्हणजे इनास, मालिकेत हाजींच्या शेजारच्या घरची धाकटी लेक, आता पन्नाशी ओलांडलेली. आणि त्र्याऐंशी वर्षांचे अम्म वदीअ, इस्त्रीच्या शर्टात. त्याच शनिवारी ते मुलीकडे कायमचे ऑस्ट्रेलियाला निघणार, हे मला मेकअपच्या खोलीत कळलं. त्यांची एक माफी मागायची मी बत्तीस वर्षं टाळत आले होते. आता आठवडाही उरला नव्हता.

झालं होतं असं. मालिका रमजानात रोज दाखवली जायची आणि शेवटचे भाग त्याच महिन्यात घाईघाईने चित्रित व्हायचे. म्हणजे दिव्यांच्या उकाड्यात, भर दुपारी, रोजा धरलेली माणसं इफ्तारचा प्रसंग करायची. आम्ही रिकामी तोंडं हलवायचो आणि उस्ताज फिक्री ओरडायचे, “एक तरी माणूस खरं खाताना दिसू दे रे! मला काय बकऱ्या रवंथ करताना दाखवायच्या आहेत?” तेव्हा कोपऱ्यातून अम्म वदीअ उठले. “मी खातो की, उस्ताज. मला कुठे रोजा आहे?” त्यांना खरं तर दोनच वाक्यं होती. त्या दिवसापासून प्रत्येक भागात हाजी महरूस शेजाऱ्यांकडे इफ्तारला येऊ लागले आणि घराघरांत लाडके झाले.

आता गंमत अशी, की ते काय खातात याची चव कुणालाच ठाऊक नव्हती. सगळ्यांचा रोजा, चाखणार कोण? पण माझं नाक तिखट. त्यांच्या ताटातल्या कोफ्त्यांना मांसाचा वासच येईना. मी ठरवून टाकलं, की सेटवरचं खाणंपिणं सांभाळणारा सब्री मांस स्वतः घरी नेतो आणि या गरीब माणसाला भलतंच काहीतरी खिलवतो. बाविसाव्या वर्षी मला विचारण्याआधी भांडायची सवय होती. त्या दिवशी मात्र भांडलेही नाही. आईच्या हातचे आठ कोफ्ते डब्यात घालून आणले आणि कुणाचं लक्ष नसताना ताटात बदलून ठेवले.

तोच तो प्रसंग. हाजी महरूस पहिला घास घेतात, ताटाकडे बघतात, आणि ‘तुझ्या हातांना देव सलामत ठेवो’ हे वाक्य ते म्हणतच नाहीत. नुसते चावत राहतात. मग दुसरा घास घेतात आणि गालांवरून पाणी ओघळू लागतं. लोक म्हणाले, मुलाच्या आठवणीने बाप असा रडतो. अख्खा देश रडला.

दुसऱ्या दिवशी सब्रीने मला गाठलं. “काय केलंस बाई तू! त्यांचाही उपवास चालू आहे. ईस्टरआधीचे पंचावन्न दिवस! मांस नाही, दूध नाही, तूप नाही. यंदा दोन्ही उपवास एकदम आलेत. मी रोज वांगी-मसुराचे कोफ्ते करून देत होतो त्यांना.”

“मग ते बोलले का नाहीत?”

“पहिल्या दिवशी ‘मी खातो’ म्हणून बसले ना. आता म्हणतात, तुम्ही सगळे तहानेने व्याकूळ, त्यात माझं कौतुक कुठे सांगू.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायला गेले असते तर त्या अश्रूंची गोष्टही फुटली असती. त्यांच्या उभ्या आयुष्यात एकच प्रसंग गाजलेला, तो मी कसा हिसकावणार? असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं सांगायचं तर भित्री होते.

त्या गप्पांच्या कार्यक्रमात तोच प्रसंग पुन्हा दाखवला. निवेदिकेने विचारलं, “हे रडणं कसं साधलं?” उस्ताज फिक्री लगेच पुढे सरसावले, “मीच सांगितलं त्याला, तुझे स्वर्गवासी वडील आठव!” धडधडीत थाप! तेव्हा ते एका दिव्यावरून कुणाला तरी शिव्या घालत होते. अम्म वदीअ नुसते हसले. “उस्ताजांनी सांगितलं तसं केलं,” म्हणाले.

कार्यक्रमानंतर ते व्हरांड्यात गाडीची वाट बघत चहा पीत होते. चार चमचे साखर, अजूनही. मी शेजारी बसले आणि एका दमात बोलून टाकलं. “अम्म वदीअ, ते कोफ्ते मी बदलले होते.”

“ठाऊक आहे.”

“सब्री बोलला?”

“सब्री कशाला? समोरच बसली होतीस की. माझ्या तोंडाकडे असं बघत होतीस, जणू तुझा परीक्षेचा निकाल लागणार आहे.”

“मग थुंकून टाकायचं ना!”

“आणि फिक्रीने विचारलं असतं, ताटाला हात कुणी लावला? त्याच आठवड्यात त्याने एकाला नुसती खुर्ची हलवली म्हणून घरी बसवलं होतं. तू नवीन पोर. तुला पुन्हा दारात उभं केलं नसतं.”

मला रडू आवरेना. “माझ्यापायी उपवास मोडला म्हणून रडलात ना तुम्ही?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कप खाली ठेवला. “नाही गं. पहिला घास तुझ्यासाठी गिळला. त्याचं मला काहीच वाटलं नाही. चर्चमधल्या फादरांना सांगितलं, तेही म्हणाले, देव समजून घेईल. पण पोरी, तो दुसरा घास! तो मला कुणी घ्यायला सांगितला होता? तू नाही, फिक्रीने नाही. इतका चवदार होता कोफ्ता, की हात आपसूक गेला. लाज वाटली, म्हणून रडलो. आणि लोक म्हणतात, काय अभिनय, काय अभिनय!”

“हे सांगितलंत फादरांना?”

“नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. तुला.”

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ऐंशी वर्षांची आहे, पण चप्पल अजून नेमकी लागते. “बत्तीस वर्षं! त्या देवमाणसाला मी उपवासात मांस खाऊ घातलं, आणि तू मला आज सांगतेस?”

“उद्या घेऊन जाते ना त्यांच्यासाठी कोफ्ते. मन भरून खातील.”

“उद्या बुधवार आहे, गाढवे! बुधवारी ते लोक मांस खात नाहीत. तांता गावात आमच्या शेजारी त्यांच्यातलीच उम्म जिर्जिस होती, मला विचार. इतकी वर्षं झाली, काडीची अक्कल आली नाही तुला. जा, वांगी आण.”

मी सब्रीला फोन करून कृती विचारली. मसाला आईचाच.

बुधवारी दुपारी शुब्राला गेले. अम्म वदीअंच्या घरात बॅगा बांधून ठेवलेल्या, भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. विचारलं मात्र काही नाही. न विचारता खायची तयारी होती त्या माणसाची!

“वांगं आणि मसूर आहे,” मी घाईघाईने म्हटलं.

छातीवर क्रूसाची खूण करून त्यांनी एक घास घेतला. सावकाश चावू लागले. मी पुन्हा तशीच त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

“कसा झालाय?”

त्यांचा हात पुन्हा डब्याकडे गेला.