मंजूला बॉल का देत नव्हते

चौथ्या प्रयत्नालाही आमचा कोच सारंग याने पासच मागवला. आमच्या क्वार्टरबॅकने बॉल लांब फेकला. ज्याच्यासाठी फेकला त्याच्या बोटांना तो नुसता लागला आणि गवतावर पडला. बॉल समोरच्या टीमकडे गेला. मी साइडलाइनवर बर्फाच्या डब्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. माझ्या बाजूला हेल्मेट मांडीवर घेऊन मंजुनाथ बसला होता. हाफटाइम होत आला होता आणि तोपर्यंत त्याच्या हातात बॉल फक्त दोनदा आला होता. त्या दोन वेळांत मिळून तो एकोणीस यार्ड पळाला होता.

"अक्का, पाण्याच्या बाटल्या भरून आणू का?" त्याने मला कन्नडमध्ये विचारलं. "मला इथे तसंही काही काम नाही."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जे. पी. नगरमध्ये माझं छोटं क्लिनिक आहे. आमचं घर बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून आहे की आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसू आवरतात. आठवडाभर माझ्याकडे गुडघे, कंबर आणि मान यांची गर्दी असते. रविवारी सकाळी मात्र मी बेळ्ळंदूरजवळच्या एका शाळेच्या मैदानावर असते. तिथे एक हौशी अमेरिकन फुटबॉल क्लब आहे. त्यांच्या एका खेळाडूचा खांदा मी बरा केला, आणि त्यानंतर त्यांनी मला सोडलंच नाही.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. बॉल लांबट, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल दुसऱ्यांना. पुढे जायचे मार्ग दोनच. एक तर क्वार्टरबॅकने बॉल फेकायचा, किंवा तो एखाद्याच्या हातात देऊन त्याला पळू द्यायचं. या पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात आणि त्याच्या बॉलसकट एकेका धावेला कॅरी म्हणतात. एवढं कळलं की बाकीचा खेळ पाहता येतो. मलाही यापलीकडे फारसं कळत नाही.

मंजू आमचा रनिंग बॅक. वय सव्वीस. बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला पीण्या नावाची कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. गावाकडे कबड्डी खेळलेला. उंची बेताची, पण मांड्या अशा की तपासताना मलाच दोन्ही हातांनी जोर लावावा लागे. त्याला पाडायला कबड्डीसारखीच दोघातिघांची गरज पडायची. रविवारची शिफ्ट कुणाशी तरी बदलून तो मेट्रो आणि बस करत शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायचा. आणि येऊन माझ्या शेजारी बसायचा.

त्या दिवशी आम्ही हरलो. मॅच संपल्यावर मंजूने पॅड, हेल्मेट नीट पुसून माझ्यासमोर ठेवलं.

"पुढच्या रविवारी मी शिफ्ट करतो, अक्का. हे कोचला द्या."

"का रे? पाय दुखतोय?"

"पाय चांगला आहे. कोचला मी पसंत नाही. त्यांना कन्नड येत नाही, मला इंग्लिश येत नाही. गणपतीपासून बघतोय. प्रॅक्टिसला सगळं करून घेतात, मॅचमध्ये चार-पाच वेळा बॉल देतात आणि बस म्हणतात. मी त्यांना काय विचारणार?"

मला राग आला. सारंग मूळचा पुण्याचा, बरीच वर्षं अमेरिकेत राहून आलेला, आता बेळ्ळंदूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. हुशार माणूस. पण त्याला पास फार आवडायचे. 'मॉडर्न गेम पासिंगचा आहे' हे वाक्य मी त्याच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं. कन्नड बोलणाऱ्या पोरांशी तो जरा कमी बोलतो, असंही माझ्या मनात होतंच. मंजूच्या बोलण्याने ते पक्कं झालं.

पुढच्या रविवारी लीगची शेवटची मॅच होती. जिंकलो तर सेमीफायनल, नाहीतर सीझन संपला. मी मंगळवारी दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि सारंगच्या ऑफिसला गेले. रिंग रोडवर ट्रॅफिक नेहमीसारखं होतं, त्यामुळे काय बोलायचं याची तयारी पुरेपूर झाली.

ऑफिसच्या तळमजल्यावरच्या कॅफेत सारंग लॅपटॉप घेऊन आला. कॉफी यायच्या आतच मी सुरुवात केली.

"सारंग, मंजू टीम सोडतोय. तुम्हाला माहीत आहे?"

"काय सांगताय मॅडम? का?"

"का म्हणजे? तुम्ही त्याला बॉल देत नाही म्हणून. हाफटाइमपर्यंत दोन वेळा पळाला, एकोणीस यार्ड गेला. तुमचे पास किती पडले ते मी मोजले नाहीत, पण बाटल्या भरणाऱ्या माणसालाही कळत होतं की बॉल कुणाला द्यायला हवा. भाषा येत नाही म्हणून माणसाला बसवून ठेवायचं, हे मला पटत नाही."

सारंगने मला पूर्ण बोलू दिलं. मग जरा गोंधळल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"मॅडम, पण पाचची लिमिट तुमचीच आहे ना?"

"कसली लिमिट?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. टीमची फिटनेस शीट उघडली. ही शीट मीच बनवलेली. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक रंग. हिरवा म्हणजे पूर्ण फिट, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे खेळायचं नाही. बाकी सगळी नावं हिरवी होती. मंजुनाथच्या नावापुढे पिवळा रंग होता आणि त्यापुढे माझ्याच शब्दांत लिहिलेलं होतं: 'हॅमस्ट्रिंग. मॅचमध्ये जास्तीत जास्त पाच कॅरी. पुढची सूचना मिळेपर्यंत.'

कॉफी आली. मी ती प्यायले नाही.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. जोरात पळताना तो ताणला जातो, कधी थोडा फाटतो. बरा झाल्यावर पहिले काही आठवडे पुन्हा दुखावण्याची भीती असते, म्हणून आम्ही खेळ हळूहळू वाढवतो. गणपतीच्या सुमारास मंजूची मांडी अशीच दुखावली होती. मी त्याला क्लिनिकमध्ये व्यायाम दिले, पुढे सगळ्या टेस्ट घेतल्या, सगळ्यात तो पास झाला. 'सरी, ठीक आहे, आता बिनधास्त पळ,' असं मीच त्याला सांगितलं होतं. त्याला सांगितलं. शीटमध्ये बदललं नाही. आणि आता फेब्रुवारी चालू होता.

"म्हणजे तो फिट आहे?" सारंगने विचारलं.

"नोव्हेंबरपासून."

माझे कान गरम झाले होते. एवढ्या लांब येऊन ज्याला झापलं, तो माझीच सूचना इमानदारीने पाळत होता.

"तुम्ही मला एकदा विचारायचं तरी," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज मला बारीक वाटला.

"तुम्ही मेडिकलच्या. तुमच्या कॉलममध्ये मी कशाला नाक खुपसू?" मग तो थोडा हसला. "खरं सांगू? तो पिवळा रंग मला सोयीचाही होता. मला पास आवडतात. रन का नाही केलं असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं."

हे त्याने आपणहून सांगितलं, त्यामुळे माझा उरलासुरला राग गेला. चूक दोघांची होती, पण त्यातला मोठा वाटा माझा होता. मी तिथेच बसून रंग बदलायला हात पुढे केला आणि थांबले. टेस्ट नोव्हेंबरच्या होत्या. आता न तपासता हिरवा करणं म्हणजे दुसरी चूक झाली असती. आणि मुळात खेळाडूच हेल्मेट देऊन गेला होता.

मंजूने फोन उचलला नाही. लेथवर असताना तो उचलत नाही. म्हणून बुधवारी मी पीण्याला त्याच्या कारखान्यावर गेले. सारंग म्हणाला, मीही येतो. त्याने ऑफिसात काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

चहाच्या सुट्टीत मंजू हात पुसत गेटबाहेर आला. आम्हा दोघांना बघून त्याचा चेहरा उतरला. कुणाला काही झालं की काय असं त्याला वाटलं.

"मंजू, चूक माझी झाली," मी कन्नडमध्ये सरळ सांगून टाकलं. "तुझा पाय बरा झाल्याचं मी कोचच्या शीटमध्ये लिहिलंच नाही. तुला जास्त पळवू नये असं त्यांना अजून वाटत होतं. माझ्यामुळे."

तो गेटला टेकून उभा राहिला. मग त्याने विचारलं, "म्हणजे कोचला मी आवडत नाही, असं नव्हतं?"

मी सारंगला मराठीत सांगितलं, तो काय विचारतोय ते. सारंग इंग्रजीत सुरू झाला, थांबला, हिंदीवर आला, तिथेही अडला. मग मंजूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सॉरी, मंजू. तप्पु नंदु." चूक माझी. गाडीत येताना एवढेच दोन शब्द त्याने माझ्याकडून पाठ करून घेतले होते. उच्चार ऐकून मंजू हसायला लागला.

"आता टेस्ट द्यायची," मी म्हणाले. "इथेच."

कारखान्याच्या बाजूच्या गल्लीत मालाच्या दोन रिक्षा उभ्या होत्या. त्या पुढे घ्यायला लावल्या. मी टेपने जमिनीवर अंतर मोजून खडूने रेघ मारली. टेस्ट साधी असते. एका पायावर लागोपाठ तीन उड्या मारायच्या, मग दुसऱ्या पायावर. दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी आली की दुखावलेला पाय दुसऱ्याच्या बरोबरीला आला असं समजतो. मग पालथं झोपवून हाताने जोर तपासायचा, आणि शेवटी वेगात पळवायचं. तोपर्यंत अर्धा कारखाना चहाचे ग्लास घेऊन गल्लीत आला होता. सुपरवायझर अण्णा साठीच्या आसपासचे. ते उड्या मोजायला पुढे येऊन उभे राहिले.

"एकाच पायावर?" त्यांनी मला विचारलं.

"हो, अण्णा."

"दुखावलेला कुठला?"

"डावा."

मंजूने उड्या मारल्या. डाव्या पायाचं अंतर उजव्यापेक्षा चार बोटं जास्तच आलं. पोत्यावर पालथं झोपवून मी जोर तपासला, त्याने माझा हात सहज मागे ढकलला. मग तो गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेला आणि आला. मी मांडी दाबून बघितली. कुठेही दुखत नव्हतं. दर आठवड्याला प्रॅक्टिसमध्ये तो पूर्ण वेगाने पळतच होता, त्यामुळे मॅचचा भार एकदम नवा पडेल ही भीतीही नव्हती.

अण्णांनी चहाचा ग्लास संपवला. "मॅच कधी?"

"रविवारी सकाळी."

"मग रविवारी हा इथे नको. याची शिफ्ट मी बघतो," ते म्हणाले आणि सगळ्यांना आत हाकललं.

मी गल्लीतच मोबाइल काढला आणि पिवळ्याचा हिरवा केला. सारंगने माझ्या खांद्यावरून वाकून खात्री करून घेतली.

रविवारी पहिल्या दोन प्रयत्नांना सारंगने सवयीने पासच मागवले. दोन्ही पडले. मी खुर्चीवरून उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिसऱ्या प्रयत्नाला त्याने मंजूचा नंबर सांगितला.

मंजू डावीकडून निघाला, एकाला खांद्याने बाजूला केलं, दुसऱ्याच्या हाताखालून वाकून गेला आणि चौदा यार्डांवर तिघांनी मिळून त्याला पाडलं. उठला आणि लगेच आमच्याकडे बघितलं. आता बाहेर बोलावतील असं त्याला वाटलं असावं. सारंगने हाताने खूण केली, तिथेच थांब. पुढचा प्रयत्नही त्याचाच. त्याच्या पुढचाही.

पाचवी कॅरी झाल्यावर सारंगने सवयीने माझ्याकडे वळून बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

हाफटाइमनंतर एक गंमत झाली. समोरच्या टीमने मंजूला अडवायला सगळी माणसं पुढे आणली, त्यामुळे मागे जागा मोकळी पडली. मग सारंगचे लाडके पासही पकडले जायला लागले. इतके महिने ज्या पासांसाठी त्याने मंजूला बसवलं, ते मंजू पळायला लागल्यावर जमले. शेवटच्या काही मिनिटांत मंजूनेच बॉल पोटाशी घट्ट धरून एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात, उडी घेतली. आम्ही सहा गुणांनी जिंकलो. त्याच्या एकवीस कॅरी झाल्या. मॅच संपल्यावर मी त्याची मांडी तपासली, तेव्हा तो केळं खात होता आणि शेजारच्याला शेवटची धाव तिसऱ्यांदा सांगत होता.

सेमीफायनलला आम्ही हरलो, आणि चांगलेच हरलो. समोरची टीम आमच्यापेक्षा सरस होती, त्यात शीटचा काही दोष नव्हता. मंजू टीममध्ये राहिला. सारंग आता कन्नड शिकतो आहे. चुका करतो, पण न लाजता बोलतो.

माझ्या बाबतीत सांगायचं तर, मी आता कुणालाही 'हे करू नका' असं लिहून दिलं की त्यापुढे तारीख लिहिते. त्या तारखेला पुन्हा तपासायचं आणि मनाई उठवायची की ठेवायची ते ठरवायचं. मनाई करणं आमच्या धंद्यात सोपं असतं, ती उठवायला मात्र आठवण ठेवावी लागते. ती उठवली नाही तर लोक निमूटपणे पाळत राहतात.

हे लक्षात आल्यावर मी क्लिनिकच्या जुन्या फायली काढल्या. त्यात आमच्याच रस्त्यावरच्या सरोजाक्का निघाल्या. दोन वर्षांपूर्वी गुडघा सुजला तेव्हा मी त्यांना जमिनीवर मांडी घालून बसू नका असं सांगितलं होतं. फोन केला तर त्या अजून खुर्चीवरच बसत होत्या. देवपूजासुद्धा खुर्चीवरून. मी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं, गुडघा नीट तपासला आणि म्हणाले, "आता बसायला हरकत नाही."

बाहेर तीन पेशंट वाट बघत होते. सरोजाक्कांनी पदर सावरला आणि तिथेच, माझ्या टेबलासमोर, फरशीवर मांडी घातली. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली.

"उठता येतंय ना?" मी काळजीने विचारलं.

"येतंय की," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांनी बसलेय. स्वल्प बसू दे."