कुसाबाईची मूठ

चांदवड तालुक्यातल्या त्या गावात पोहायला येणं वेगळं आणि कुसाबाईच्या हाताखाली पोहायला शिकणं वेगळं. नुसतं पोहता येणारा माणूस बुडत नाही, एवढंच. कुसाबाईच्या पोरीला मात्र विहिरीचा तळ गाठावा लागतो, आणि गाठला याची खूण म्हणून तळाची मूठभर माती वर आणावी लागते. मूठ दाखवली की पोरगी पास. अशा पोरी कुसाबाईने चाळीस उन्हाळ्यांत किती तयार केल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, पण आसपासच्या पाच-सहा गावांत सासरी गेलेल्या बायका विहिरीत घागर पडली की गळ शोधत बसत नाहीत, पदर खोचतात.

कुसाबाई आता त्रेसष्ट वर्षांची आहे. उंचीने बेताची, खांद्याने रुंद, आणि आवाज असा की एका बांधावर बोलली तर दुसऱ्या बांधावरचा माणूस उत्तर देतो. तिची ही कीर्ती सुरू झाली ती डिझेल इंजिनाच्या जमान्यात. इंजिनाचा पाइप विहिरीत सोडलेला असायचा आणि त्याच्या टोकाला पाणी ओढून धरणारा लोखंडी फूटवॉल. त्यात पाला अडकला की इंजिन नुसतं धडधडायचं, पाणी काही चढायचं नाही. मग कोणीतरी बुडी मारून तो साफ करायचा. हे काम तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचं, सहादूचं. सहादू काम करून वर यायचा तो हातात मूठभर माती घेऊन, आणि काठावरच्यांना ती दाखवून म्हणायचा, "तळाला जाऊन आलो, बघा." गावात तेवढ्यावर त्याचा रुबाब होता.

एका पौषात ऐन कांद्याच्या लागणीत फूटवॉल निखळून थेट तळाला गेला. विहिरीत चार पुरुष पाणी, वर थंडी. सहादूने दोन बुड्या मारल्या, हात हलवत वर आला आणि दुपारपर्यंत ताप भरला म्हणून घरी गेला. वाफ्यात रोपं माना टाकत होती. तेव्हा लग्नाला चार वर्षं झालेली, माहेरी बापाच्या विहिरीत वाढलेली कुसाबाई कासोटा घालून, कमरेला दोर बांधून उतरली. सासू काठावर देवाचा धावा करत होती. कुसाबाईने फूटवॉलला दोर बांधला, आणि गावची रीत म्हणून येताना एक मूठ माती घेऊन आली. माती काळीभोर होती. घोंगडी पांघरून आलेल्या सहादूने ती बराच वेळ बघितली.

त्या दिवसापासून बुडीचं काम कुसाबाईकडे आलं. सहादू मात्र विहिरीवरून हलला नाही. तो तिसऱ्या पायरीवर बसून मुठी तपासू लागला. पोरीची मूठ बोटाने उकलायची, माती चोळायची, नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायचा. त्याच्या हातून सुटका नाही, असं पोरी म्हणायच्या. एवढ्या वर्षांत वहिनी आणि भाऊजींचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर शपथ, पण उन्हाळा आला की दोघंही न बोलावता विहिरीवर हजर.

यंदाच्या चैत्रात मात्र अवघड झालं. कुसाबाईला आठ दिवस खोकला होता. तरी पोरींना धडा दाखवायला तिने बुडी मारली, निम्म्यात दम तुटला आणि ती वर आली. वर येऊन तिने हात उघडून दाखवला. हात रिकामा होता.  काठावर पोरींच्या आया एकमेकींकडे बघू लागल्या.

"वहिनी, दम सरला तुमचा," सहादू म्हणाला. "आता पुरं करा. पोरी लोकांच्या हायेत. उद्या एखादी खाली गेली अन् तुम्हाला तिच्यापत्तोर जाता आलं नाय, तर?"

प्रश्न खरा होता, म्हणूनच तो कुसाबाईला झोंबला. खोकल्याचं कारण सांगता आलं असतं, पण सबब सांगणं तिच्या रक्तात नाही. ती ताडकन म्हणाली, "पुढल्या आठवड्यात माझा रवी मला अंदमानाला नेतोय ना? समुद्राचा तळ आणून दाखवते तुम्हाला. नाय आणला तर या पायरीवर पुन्हा पाय ठेवणार नाय."

बारा पोरी, सात आया आणि एक सहादू, एवढ्यांच्या साक्षीने ती बोलून बसली. पोहायला शिकवणं हे तिचं जगणं होतं. ते तिने एका मुठीवर लावलं.

मुलगा रविराज एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, सून स्नेहल नाशिकरोडला शिक्षिका. दोघांनी वर्षभर ठरवून ही सहल आखलेली. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ते वंडूरच्या धक्क्यावर गेले. तिथून बोटी संरक्षित सागरी उद्यानातल्या बेटांवर जातात. कुसाबाईने पिशवीत कुंकवाची एक रिकामी डबी धुऊन, पुसून आणली होती, मुठीतली माती गावापर्यंत न्यायला. रविराजचा बेत निराळा होता. आई काचेच्या तळाच्या बोटीत बसेल, वरूनच पोवळी बघेल आणि सगळं सुखरूप पार पडेल, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

धक्क्यावर सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. बिस्किटांचे पुडे, चिवड्याच्या पिशव्या, सगळं प्लास्टिक बाहेर निघालं. मग मीना नावाची पंचविशीतली वाटाडी मुलगी बाकावर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वहाँ कुछ छोड़ना नहीं, और वहाँ से कुछ लाना नहीं। ना शंख, ना कोरल। मुट्ठीभर रेत भी नहीं।"

कुसाबाईला हिंदी बोलायला जड जाते, कळायला नाही. तिचा हात आपोआप पिशवीतल्या डबीवर गेला. बोट सुटली, दोन्ही बाजूंना झाडीने गच्च भरलेली बेटं सरकू लागली, पाणी हिरव्याचं निळं झालं, पण तिचं लक्ष कशात नव्हतं. रविराजच्या ते ध्यानात आलं.

"आई, एवढं काय त्यात? संध्याकाळी हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावरून चिमूटभर घे. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहादूकाकाला काय कळणार आहे?"

"काठाची माती ती काठाचीच, रवी," कुसाबाई म्हणाली. "तळाची म्हणून दाखवू व्हय?"

रविराजने विषय सोडला. या बाबतीत आईशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या घरात झालेला नाही.

बेटावर उतरल्यावर काचेच्या बोटीसाठी रांग लागली. कुसाबाई रांगेतून बाहेर पडली आणि मीनासमोर जाऊन उभी राहिली. "मेरेको पानी में जाने का हाय. मैं चाळीस साल से कुएँ में बुडी मारती."

मीनाने तिच्याकडे नखशिखान्त बघितलं. नऊवारी, पांढरा अंबाडा, कपाळावर गोंदण. रविराज म्हणाला, "मॅडम, उनकी उमर..." स्नेहलने नवऱ्याचा हात धरला. "अहो, त्यांना विचारू द्या ना. नाही म्हणायला त्या मॅडम समर्थ आहेत." स्नेहल तशी कमी बोलते, पण बोलते ते वेळेवर.

मीनाने दोन अटी घातल्या. एक, साडीचा घोळ पोवळ्यात अडकतो, साडी चालणार नाही. दोन, आधी किनाऱ्याजवळ पोहून दाखवायचं. पहिली अट रविराजच्या ट्रॅकपँटने आणि वीज केंद्राच्या क्रिकेट स्पर्धेच्या लांब बाह्यांच्या टी-शर्टने भागली. त्यावर 'उत्कृष्ट गोलंदाज' असं छापलेलं होतं. दुसरी अट भागायला तीन मिनिटं लागली. कुसाबाई हात मारत गेली, वळली, आली, आणि उभी राहून म्हणाली, "और?" मीना हसली. रबरी रिंग तिने स्वतः धरली आणि कुसाबाईला सोबत घेऊन ती खोल पाण्याकडे निघाली.

मीनाने बांधून दिलेल्या काचेच्या मुखवट्यातून कुसाबाईने पहिल्यांदा खाली बघितलं आणि श्वास घ्यायच्या नळीतच तिच्या तोंडून काहीतरी निघालं. जन्मभर ती डोळे मिटून किंवा अंधारात चाचपडत तळाला गेलेली. विहिरीचा तळ हाताला कळतो, डोळ्यांना नाही. इथे दोन पुरुष खाली सगळं लख्ख दिसत होतं. फ्लॉवरच्या गड्ड्यांएवढी, न्हाणीच्या दगडाएवढी, बैलगाडीच्या चाकाएवढी पोवळी. तिला पोवळं ठाऊक होतं ते माळेतलं, लाल मण्याएवढं. हे जांभळं, पिवळं, करडं होतं आणि त्यातून निळे मासे आत-बाहेर करत होते. पोटातून आनंदाची अशी उकळी आली की ती सहादूला, मुठीला, पायरीला, सगळ्याला विसरली.

मग आठवलं. तिने नळी काढली, छाती भरून घेतली आणि सूर मारला. निम्म्यात गेली आणि बूच वर यावं तशी वर आली. पुन्हा मारला, पुन्हा तेच.  भाऊजी म्हणाले ते खरंच की काय? पण छाती तर भरलेली होती, दम कुठेच तुटला नव्हता. तिने पाणी तोंडात घेऊन थुंकलं आणि तिला उलगडा झाला. विहिरीचं गोडं पाणी माणसाला खाली जाऊ देतं, हे खारं पाणी वर ढकलतंय. दोष तिच्यात नव्हता, पाण्यात होता. तिसऱ्या वेळी तिने निम्मा श्वास आधीच सोडून दिला, कमरेतून वाकली आणि पाय झाडले.

ती तळाला गेली. पोवळ्यांच्या दोन ढिगांमध्ये परातीएवढी पांढरी वाळू होती. चाळीस वर्षांच्या सवयीने हात पुढे झाला आणि मूठ भरली. शेजारीच पोवळ्यात रुतलेला एक मोठा शिंपला होता, निळ्या मखमली ओठांचा. तिची सावली पडताच त्याने ओठ झटकन मिटले. कुसाबाई दचकली. अंधाऱ्या कोठारात दिवा नेल्यावर आतलं कोणी जागं व्हावं, तसं तिला वाटलं. हा तळ रिकामा नव्हता. इथे कोणीतरी राहत होतं, आणि ती त्यांच्या दारातून मूठ भरून चालली होती.

तिने मूठ उघडली. वाळू सावकाश खाली बसली. दम अजून होता, म्हणून ती बसेपर्यंत कुसाबाई थांबली आणि मगच वर आली. मीना रिंग घेऊन वाट बघत होती. तिने कुसाबाईचा उघडा तळवा बघितला आणि अंगठा वर केला. किनाऱ्यावर रविराज गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता.

आठ दिवसांनी, वैशाखाच्या उन्हात, गावची विहीर भरगच्च होती. म्हणजे माणसांनी. पाणी जेमतेम दीड पुरुष. बातमी फुटलेली, त्यामुळे पोरींच्या आयाच काय, आज्यासुद्धा आल्या होत्या. सहादू तिसऱ्या पायरीवर. कुसाबाई वर कठड्याशीच थांबली. पायरी ती उतरली नाही.

"या की वहिनी, मूठ दाखवा."

"तुम्ही वर या भाऊजी. मला पायरी बंद हाय." तिने हात पुढे करून उघडला. "तळ गाठला. मूठ भरली होती. पण तिथलं काही आणायचं नसतं, तिथं जीव राहतात. म्हणून तिथंच सोडली. बोलले तसं आणलं नाय, तर बोलले तसं पायरीवर येणार नाय." आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण डोळे भरून आले होते. ते तिने लपवले नाहीत.

सहादू गुडघ्यावर हात टेकत वर आला. पोरींची मूठ बघायचा तसाच त्याने तिचा रिकामा तळवा हातात घेतला, आणि बराच वेळ बघत राहिला.

"तळ गाठलेला हाय," तो म्हणाला.

"कशावरून?" एका आजीने विचारलं. "माती कुठाय?"

"मातीवर जाऊ नका. माझी मूठ कधी रिकामी होती का? रोज भरलेली." सहादूने तिचा तळवा सोडला. "दोन पुरुषांवर एक कपार हाय, तिथनं उचलायचो. तळाचं मला भ्या वाटायचं. त्या साली तापबिप काय नव्हता. फूटवॉल तळाला गेला अन् माझं बिंग फुटायची येळ आली, म्हणून घोंगडी घेऊन बसलो."

 सहादूची मान खाली होती.

"ठाऊक हाय मला," कुसाबाई म्हणाली.

त्याने चमकून वर बघितलं. "कधीपासनं?"

"त्याच दिवशी. कपारीची माती पिवळी असते भाऊजी, तळाची काळी. तुम्ही चार वर्षं पिवळीच दाखवत होता."

"मग चाळीस वर्षं बोलला का नाय?"

"मूठ तुमची होती. मी कशाला उघडू?"

 सहादूने टोपी कठड्यावर ठेवली आणि सदरा काढला. "वहिनी, पायरी उतरा. मुठी बघायला आज तुम्ही बसा," तो म्हणाला, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी, धोतर खोचून, बारा पोरींच्या देखत त्याने उडी टाकली.

कुसाबाई तिसऱ्या पायरीवर येऊन बसली. तिने कासोटा आवळून ठेवला होता. वेळ आली असती तर ती सहादूच्या मागे गेलीच असती. पाण्यावर बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले. एक पोरगी मोठ्याने आकडे मोजत होती. ती एकवीसवर असताना आधी एक मूठ वर आली आणि तिच्यामागून सहादू आला, खोकत, धापा टाकत, लहान पोरासारखा हसत. कुसाबाईने त्याची मूठ बोटाने उकलली, माती चोळली, नाकाशी नेली. माती काळीभोर होती.

"पास," ती म्हणाली, आणि पुढच्या पोरीच्या पाठीला तरंगायला तेलाचा रिकामा कॅन बांधायला घेतला.